पिंप श्वास घेतं तेव्हा

पौडच्या पुढे एखाद्या खाचरात ट्रॅक्टर चिखलणीला लागला की लांबवर घरघर ऐकू येते. कानाला ती सलग वाटते एवढंच. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला ४५ वेळा डिझेल फवारलं जातं आणि ४५ वेळा ते पेटतं. तासाला चार लिटर डिझेल लागतं असं धरून भागाकार केला, की एका फवाऱ्याच्या वाट्याला सुमारे २५ घन मिलिमीटर येतं. पाण्याचा एक थेंब साधारण ५० घन मिलिमीटरचा असतो. केजव्हील लावून चिखल तुडवणारं ते दीड-दोन टनांचं धूड अर्ध्या-अर्ध्या थेंबावर चालतं.

हा अर्धा थेंब मोजून देणाऱ्या पंपातली दांडी आणि ती ज्या नळीत खालीवर होते ती नळी, यांच्यात दोन-चार मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड. इतक्या फटीत वायसर बसत नाही, ग्रीस शिरत नाही. तिथे वंगणाचं कामही डिझेलच करतं. पंप जे ढकलतो त्याच्याच पातळ थरावर तो स्वतः सरकत असतो. पुढे ते डिझेल नोझलच्या बारीक भोकांतून, साध्या यांत्रिक पंपात वातावरणाच्या दोनशे पट दाबाने आणि नव्या कॉमन रेल इंजिनात दीड-दोन हजार पट दाबाने, बाहेर पडतं. आतली हवा सतरा-अठरा पटीने दाबली गेल्यामुळे आधीच पाचशे अंशांच्या वर तापलेली असते. त्यामुळे ठिणगी लागतच नाही.

आणि अशा यंत्राचा घास आपण आणतो कशातून? पिवळ्या प्लास्टिकच्या कॅनमधून, पडवीतल्या पिंपातून, पत्र्याच्या नरसाळ्यातून, वर फडकं धरून. मुळशीत हे सगळं बहुतेक वेळा पावसात.

साठवलेल्या डिझेलची भीती म्हटली की आपल्याला आग आठवते. ती भीती खोटी नाही, तिच्याकडे येईनच. पण सह्याद्रीच्या या उतारावर तेलाचा रोजचा वैरी पाणी आहे, आणि ते ज्या वाटांनी तेलात शिरतं त्या वाटा थक्क करणाऱ्या आहेत.

आधी मुळशीचं थोडं. तालुका एकच, पण पूर्वेला भूगाव-पिरंगुटकडे पाऊस बेताचा आणि पश्चिमेला ताम्हिणीच्या तोंडाशी वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात. पुणे शहराला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पुरतात, यावरून अंदाज यावा. पीक भाताचं, त्यात आंबेमोहोराचा मान मोठा. पाणी धरून ठेवणारी छोटी खाचरं, त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर आणि पंधरा-वीस अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर सोयीचे. जून-जुलैत चिखलणीची झुंबड उडते तेव्हा दिवसभर इंजिन बंद होत नाही. आवणी उरकली की तेच यंत्र कित्येक दिवस गोठ्याच्या कडेला उभं राहतं, टाकीत अर्धंमुर्धं डिझेल घेऊन. ऊसपट्ट्यातल्या ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल मुरायला वेळच मिळत नाही. इथे ते नेमकं वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यांत पडून राहतं.

आता पिंप. दोनशे लिटरचं, मधे दोन कडी उठवलेलं लोखंडी पिंप ही वस्तू इतकी ओळखीची आहे की तिला कुणी शोधून काढलं असेल हे मनातही येत नाही. ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून गाजलेली अमेरिकन पत्रकार नेली ब्लाय पुढे नवऱ्याचा लोखंडी भांड्यांचा कारखाना चालवत होती. तिथल्या हेन्री वेर्हान या माणसाने १९०५ मध्ये या पिंपाच्या पूर्वजाची पेटंटं घेतली. ती कडी शोभेची नाहीत. त्यांच्यावर पिंप लोळतं आणि एकटा माणूस पावणेदोनशे किलोचा ऐवज हलवू शकतो.

या पिंपाच्या माथ्यावर दोन बुचं असतात, एक मोठं, एक लहान. आणि माथा कडेपेक्षा दोनेक सेंटिमीटर खोल असतो. उघड्यावर उभं ठेवलेलं पिंप म्हणजे वर एक थाळी. पिंपाचा व्यास ५७ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन सेंटिमीटर पाणी साचलं की पाच लिटर. दोन्ही बुचं त्या पाण्याखाली बुडालेली.

बूच घट्ट लावलंय, मग काय बिघडलं? बिघडतं ते असं. डिझेल तापलं की फुगतं. दर अंशाला साधारण दहा हजारांत आठ भागांनी. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दोनशे लिटर डिझेल दहा अंशांनी तापलं की दीड लिटरहून अधिक फुगतं. ढग फाटून दुपारी दोन तास ऊन पडतं, पिंप तापतं, आतली हवा बुचाच्या आट्यांतून बाहेर ढकलली जाते. मग सर येते. गार पाणी पत्र्यावर पडतं, तेल आकसतं, आत पोकळी तयार होते. थोडी पत्रा आत दबून भरून निघते. उरलेली भरायला बाहेरचं काहीतरी आत यावं लागतं. हवा यायला वाट नसते, कारण बुचावर पाणी आहे. म्हणून पाणीच येतं. ज्या आट्यांतून तेलाचा थेंब गळताना कधी दिसला नाही, त्याच आट्यांतून रोज थोडं पाणी आत ओढलं जातं. बूच पक्कं दिसतं म्हणून पिंपवाल्याला संशयाचं कारण उरत नाही आणि दोन महिन्यांनी तळाशी लिटरभर पाणी निघालं की पेट्रोल पंपवाल्याच्या नावाने खडे फोडले जातात.

उपाय हास्यास्पद सोपा आहे. पिंप आडवं ठेवायचं, आणि असं फिरवायचं की दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील. दोन्ही तेलाच्या पातळीखाली बुडतात, आतून तेलाचा दाब राहतो, आट्या ओल्या राहतात, बाहेरून काही शिरत नाही. उभंच ठेवणं भाग असेल तर एका बाजूने वीट सारून कलतं ठेवायचं आणि पाणी साचेल तो कोपरा बुचांपासून दूर येईल असं बघायचं. छपराखाली असेल तर प्रश्नच मिटला, पण कोळवण खोऱ्यातल्या तिरप्या पावसाला छपराचं फारसं कौतुक नसतं.

पाण्याची दुसरी वाट जास्त प्रसिद्ध आहे, आणि माझ्या मते तिचा गाजावाजा जरा जास्तच होतो. टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या हवेतली वाफ रात्री थंड पत्र्यावर दवासारखी जमते, म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, असं प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. सल्ला बरोबर आहे. हिशेब मात्र करून बघावा. तीस अंशांना दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये तीसेक ग्रॅम वाफ मावते, बावीस अंशांना एकोणीस-वीस. टाकीत तीस लिटर हवा असेल तर एका रात्रीत जमेल एक तृतीयांश ग्रॅम, म्हणजे सहा-सात थेंब. थोडंच. पण ते बाहेर जात नाहीत. पाणी जड, ते तळाशी बसतं, आणि दुसऱ्या दिवशी नवी दमट हवा आत येते. दीड महिना पडून राहिलेल्या टाकीत दोन-तीन चमचे. आणि लेखाच्या सुरुवातीचं गणित आठवा: नोझलच्या दृष्टीने पाण्याचा एक थेंब म्हणजे दोन फवारे. तापलेल्या नोझलच्या टोकाशी पाणी पोचलं की त्याची क्षणात वाफ होते आणि वाफ पाण्याच्या हजार-दीड हजार पट जागा मागते. नोझलची टोकं फुटतात ती अशी.

तरीही, उघड्यावर उभ्या पिंपात एका दिवसात शिरणारं पाणी आणि टाकीतलं महिन्याभराचं दव यांची बरोबरी होत नाही. आधी पिंप आडवं करा.

सुदैवाने पाणी आणि घाण दोन्ही डिझेलपेक्षा जड असतात, आणि जड वस्तू खाली बसते. किती वेळात, ते जॉर्ज स्टोक्स नावाच्या गणितज्ञाने १८५१ मध्ये सांगून ठेवलं आहे. त्याच्या सूत्रात गोळीच्या त्रिज्येचा वर्ग येतो आणि सगळी गंमत तिथेच आहे. पाण्याचा कण दशांश मिलिमीटर जाडीचा असेल तर डिझेलमधून एक मीटर खाली यायला त्याला तासभर पुरतो. तोच कण दहापट बारीक असेल तर वेळ शंभरपट लागतो, जवळपास चार दिवस. पाच मायक्रॉनची धूळ दगडाची, म्हणून थोडी लवकर बसते, दीडेक दिवसात. ट्रॉलीतून हिंदकळत आणलेल्या पिंपाला लगेच हातपंप लावला तर तळाचं सगळं मिसळलेलं असतं. तेच पिंप एक-दोन दिवस निवांत सोडलं तर वरचा भाग कुठल्याही फडक्यापेक्षा चांगला गाळून निघतो, फुकटात. म्हणून जाणती मंडळी पंपाची नळी तळापासून चार बोटं वर ठेवतात, तोटीकडची बाजू किंचित उंच धरतात, आणि शेवटचं ‘गाळसाळ’ डिझेल ट्रॅक्टरला घालत नाहीत.

फडक्याचं खरं काम आपण समजतो ते नाही. सुती कापडाच्या विणीतली भोकं शंभर मायक्रॉनच्या पुढची. त्यात अडकतो तो काडीकचरा, जो ट्रॅक्टरच्या कागदी फिल्टरने तसाही अडवला असता. पंपाला घासणारे पाच-दहा मायक्रॉनचे कण कापडातून सहज निसटतात, आणि वर कापड स्वतःचे धागे सोडतं.

आता पाणी तळाशी बसलं, वर डिझेल. दोन्हींच्या सीमेवर एक रेघ. तिथे जे घडतं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विश्वास ठेवायला वेळ लागला. तिथे बुरशी उगवते. हॉर्मोकोनिस रेझिनी असं तिचं बरीच वर्षं चाललेलं नाव. आता वर्गीकरणवाले तिला अॅमॉर्फोथेका रेझिनी म्हणतात. ती पाण्यात राहते आणि डिझेल खाते. डिझेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या, एकेकाळच्या सागरी जीवांचा कोट्यवधी वर्षं दबलेला अवशेष. बुरशीला त्यात जेवणच दिसतं. पेट्रोलियम जमिनीतून उपसायला माणसाला दीडशे-पावणेदोनशे वर्षं झाली असतील, पण डांबरी आणि राळेच्या पदार्थांवर जगण्याची विद्या तिच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. विमानांच्या पंखांतल्या टाक्यांत १९५०-६०च्या दशकांत तिने असा धुमाकूळ घातला की तिला ‘केरोसीन बुरशी’ हे टोपणनाव पडलं. शेतकऱ्याला ती दिसते ती फिल्टर उघडल्यावर, काळपट-तपकिरी, बुळबुळीत, कागदाला चिकटलेल्या शेवाळी थराच्या रूपात. ‘डिझेल खराब होतं’ म्हणून ते ओतून देतात, पिंप तसंच ठेवतात, आणि नव्या डिझेलला जुनं विरजण लागतं.

तिला लागतं फक्त पाणी, तेही अगदी थोडं. पाणी काढून टाका, तिचा कारभार आटोपला. पौड रस्त्याने पुण्यात शिरलात तर आघारकर संशोधन संस्थेत देशाचा राष्ट्रीय बुरशी-संग्रह आहे. हजारो जिवंत बुरश्या नळ्यांत जपून ठेवलेल्या. जगात काय काय खाऊन जगता येतं, याची ती वहीच.

आणखी एक चूक पाण्याशिवायची. घरात असलेली जस्ताचा मुलामा दिलेली टाकी रिकामी आहे म्हणून तिच्यात डिझेल भरणं. डिझेलमधले सौम्य आम्ल पदार्थ जस्ताशी जुळून साबणासारखे क्षार बनवतात आणि फिल्टर चिकट होऊन बसतो. तांब्याची नळी डिझेलचं ऑक्सिडीकरण वेगाने घडवते, डिंक जमतो. साधं लोखंड किंवा डिझेलसाठीच बनवलेलं प्लास्टिक बरं.

पॉवर टिलरचं ठीक, पण गवत कापायचं यंत्र किंवा छोटा वीडर पेट्रोलवर चालतो. टाकी भरून ठेवण्याचा नियम तिथे उलटा होतो. डिझेल पाण्याला दूर सारतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, बरंचसं आपल्याच उसाचं, आणि इथेनॉल पाणी पिऊन घेतं. मर्यादेपर्यंत काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं, आणि कार्ब्युरेटर नेमका तळातून ओढतो. दिवाळीपर्यंत पेट्रोल भरून ठेवलेलं यंत्र दिवाळीला चालू होत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. हंगाम संपला की टाकी कोरडी करावी.

आता आग. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने ज्वालाग्राही तेलांचे वर्ग पाडले आहेत ते त्यांच्या ‘फ्लॅश पॉइंट’वरून. ज्या तापमानाला तेलावर पेट घेण्याइतकी वाफ जमते, तो हा बिंदू. २३ अंशांच्या खाली असेल तर ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ मध्ये ‘ब’. पेट्रोलचा बिंदू उणे ४० च्याही खाली, म्हणजे लेह-लडाखच्या हिवाळ्यातही ते पेटायला तयार. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा निदान ३५ अंश. म्हणून ‘ब’ वर्गातलं तेल २,५०० लिटरपर्यंत, एकेक भांडं १,००० लिटरच्या आत असेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतं; पेट्रोलची मर्यादा फक्त ३० लिटर. हे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. ३५ हा आकडा मात्र नीट ऐका. जुलैतल्या ताम्हिणीत तो लांबचा वाटतो. मे महिन्यात पिरंगुटच्या पत्र्याच्या शेडमध्ये पिंप सहज त्याच्या पलीकडे जातं. तेव्हा सावली, वारा, आणि बिडी लांब.

गंमत अशी, की भरलेल्या पिंपापेक्षा रिकामं जास्त भयंकर. भरलेल्यात हवेला जागा नाही, आणि हवेशिवाय ज्वाळा नाही. डिझेलची वाफ हवेत अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या पुढे गेली की मिश्रण स्फोटक होतं. दोनशे लिटरच्या पिंपात एवढी वाफ व्हायला द्रव डिझेल किती लागेल? गणित मांडलं तर दहा मिलिलिटरच्या आसपास, दोन चमचे. बूच उघडून उलटं केलेल्या पिंपाच्या शिवणीत तेवढं राहतंच. थंड असताना ते स्वस्थ बसतं. गॅसकटर लावला की पत्रा तापतो, ते दोन चमचे वाफ होतात, आणि ठिणगी तर हातातच आहे. पिंप कापून पाण्याची टाकी करायची असेल तर आधी ते धुऊन, काठोकाठ पाणी भरून, मगच छिन्नी लावायची. इथे एकदाच पाणी आपल्या बाजूने असतं.

तोंडाने नळी ओढून डिझेल काढण्याची सवयही याच यादीतली. पोटात गेलेल्या घोटापेक्षा श्वासनळीत गेलेले थेंब वाईट. डिझेल इतकं पातळ आणि पसरट की फुप्फुसाच्या आत भराभर पसरून दाह करतं. म्हणूनच कुणी गिळलं तर उलटी करवत नाहीत. वर येताना ते पुन्हा श्वासनळीत जाऊ शकतं. थेट दवाखाना. हातपंप त्यापेक्षा फार स्वस्त पडतो, आणि शीतपेयाच्या बाटलीत डिझेल ठेवणाऱ्या घरात लहान मूल असेल तर मी अधिक काही बोलत नाही.

वंगणतेलाची दुनिया वेगळीच. चिखलणी करताना पुढचा अॅक्सल, हब, कधी गिअरपेटीसुद्धा तासन्‌तास पाण्यात बुडालेली असते. तापलेली पेटी थंड पाण्यात शिरली की पिंपासारखाच श्वास आत घेते, आणि सीलच्या ओठांवरून पाणी ओढते. संध्याकाळी डिपस्टिक काढावी तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं. पारदर्शक तेल, पारदर्शक पाणी, आणि दोन्ही मिळून पांढरट का? कारण गिअरचे दाते तेल-पाणी घुसळतात, कोट्यवधी सूक्ष्म थेंब तयार होतात, आणि प्रत्येक थेंबाच्या पृष्ठभागावर उजेड वळतो आणि विखुरतो. ढग पांढरा दिसतो त्याचं कारणही हेच. असं ऑइल बदलायचंच. दात्यांमधला तेलाचा थर पाण्याने तुटलेला असतो.

उलट, इंजिन ऑइल काळं झालं की घाबरणारे पुष्कळ. चांगलं डिझेल इंजिन ऑइल लवकर काळं होतं, कारण त्यात घातलेली द्रव्यं काजळीचा एकेक कण वेढून धरतात आणि तो कुठे बसू देत नाहीत. बरेच दिवस सोनेरी राहणाऱ्या ऑइलबद्दल मला अधिक शंका येते. डब्यावरचं ‘१५डब्ल्यू-४०’ हेही निव्वळ सजावट नाही. तेल तापलं की पातळ होतं, हा निसर्ग. त्याला आवरायला त्यात लांब साखळीचे रेणू मिसळतात. थंडीत ते गुंडाळून बसतात, उष्णतेत उलगडतात आणि पातळ होऊ पाहणाऱ्या तेलाला अडवतात. म्हणून मुळशीतल्या डिसेंबरच्या पहाटे आणि दुपारी शंभर अंशांवर तापल्यावरही एकाच डब्यातलं तेल चालतं.

ग्रीसबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. बैलगाडीच्या आसाला पूर्वी एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या घालत. ट्रॅक्टर आला, ग्रीसगन आली, आणि आपल्याला वाटलं एरंड गेला. तो गेला नाही. शेतीच्या यंत्रांत सर्वाधिक चालणारं ग्रीस लिथियमचं. तेलाला धरून ठेवणारा त्यातला साबण बनतो तो लिथियम आणि एका विशिष्ट मेदाम्लापासून, आणि ते मेदाम्ल येतं एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून. लिथियमच्या साबणाचं ग्रीस १९४० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरन्स अर्लने पेटंट केलं. जगातला सर्वांत जास्त एरंड आज भारतात, मुख्यतः गुजरातेत, पिकतो. रोटाव्हेटरच्या निपलला ग्रीस भरताना जुनं, पाणी शिरलेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत दांडा दाबत राहावं. निपल आधी पुसून घ्यावा, नाहीतर त्याच्यावरचा चिखल आपणच बेअरिंगमध्ये कोंबतो.

शेवटी सांडणं. १७७४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, की क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं आणि अर्धा एकर पाणी शांत झालं. अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे. चमचाभर तेल तेवढ्यावर पसरलं तर थराची जाडी एका रेणूच्या उंचीएवढी होते. फ्रँकलिन रेणू मोजून बसला होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. डिझेल इतकं पातळ पसरत नाही, कारण त्याच्या रेणूंना पाण्याला धरणारं टोक नसतं. पण इंद्रधनुषी रंग दिसायला मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाएवढा थर पुरतो, आणि त्या जाडीने एक लिटर डिझेल जवळपास तीस गुंठ्यांवर पसरू शकतं. त्याखालचं पाणी हवेला पारखं होतं. भातशेतीला हे ठाऊक होतंच. सुरळीतील अळीसाठी खाचराच्या पाण्यात थोडं रॉकेल टाकून पिकावरून दोर ओढण्याची जुनी रीत याच थरावर चालते. पाण्यात पडलेली अळी त्यात गुदमरते. अळीबरोबर बेडकाचं पिल्लूही.

मुळशीतून वाहणारं तेल जातं कुठे, हा प्रश्न इथे इतर तालुक्यांपेक्षा अवघड आहे. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला सांडलेलं, सेनापती बापटांनी ज्याच्या विरोधात १९२१ मध्ये सत्याग्रह मांडला त्या टाटांच्या जलाशयात उतरतं, बोगद्यातून पाचशे मीटर खाली १९२७ पासून चालणाऱ्या भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्र गाठतं. धरणाखाली सांडलेलं मुळेतून पुण्यात, मग भीमा, मग कृष्णा, आणि बंगालचा उपसागर. दोन गावांतलं अंतर चार-पाच मैलांचं, समुद्र दोन टोकांचे.

यावर एक उपाय असा, की मुळात घरात कमी साठवावं. मार्च २०१८ मध्ये इंडियन ऑइलने डिझेल दारात आणून देणाऱ्या गाडीचा पहिला प्रयोग पुण्यातच केला, आणि पुण्यातल्या रेपोस या कंपनीने तो धंदाच केला. आजवर असे टँकर कारखाने, बांधकामं आणि रुग्णालयांच्या जनरेटरकडेच जास्त फिरतात. चार शेतकऱ्यांनी मिळून दोनशे लिटर मागवलं तर ते कोळवणच्या फाट्यावर यायला हरकत नसावी, निदान चिखलणीच्या पंधरवड्यात. ताजं डिझेल, आठ दिवसांत संपलेलं, बुरशीला बसायला वेळच देत नाही.

जळक्या ऑइलचं मात्र टँकर काही करत नाही. वाळवीसाठी खांबाला फासायला, गोठ्याच्या दाराला, कुणी धूळ बसावी म्हणून अंगणात. त्यात धातूंचा चुरा, काजळी आणि अर्धवट जळलेल्या इंधनातले कर्करोगकारक पदार्थ असतात. हाताला लागलं की धुवावं, खांबाला फासणं सोडावं. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं तेल परत गोळा होण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. गॅरेजवाल्याकडे ते वेगळ्या झाकणबंद कॅनमध्ये द्यावं. डिझेल, कूलंट किंवा पाणी मिसळलेलं कुणी घेत नाही. नीट आलेलं तेल कारखान्यात निर्वातात तापवून उडवतात, हायड्रोजनने स्वच्छ करतात, आणि मूळ तेल पुन्हा हाती येतं. इंजिनात शेकडो तास घासूनही तेलाचे बहुतेक रेणू जसेच्या तसे असतात. झिजलेली असतात ती त्यात घातलेली द्रव्यं; ती नव्याने मिसळली की तेच तेल पुन्हा डब्यात भरलं जातं.